बजेटमधली ती ओळ पुसू नका : ब्लेंडरवर चालणाऱ्या स्टुडिओंना खुले पत्र

ब्लेंडरवर काम करून घेणाऱ्या ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स स्टुडिओंचे मालक, निर्माते आणि ब्लेंडर शिकवणाऱ्या संस्थांचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रिगर आहे. पात्राच्या आत हाडं बसवायची, ती कुठे वाकतील आणि कुठे अडतील ते ठरवायचं आणि ॲनिमेटरच्या हाती सुटसुटीत कंट्रोल द्यायचे, हे माझं काम. गेली चौदा वर्षं मी ते ब्लेंडरमध्ये, म्हणजे थ्रीडी ॲनिमेशन करायच्या एका मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये, करते आहे. ज्या सॉफ्टवेअरवर माझं घर चालतं त्यासाठी या चौदा वर्षांतली पहिली कित्येक वर्षं मी एक पैसाही दिला नाही. मला पगार देणाऱ्यांनीही दिला नाही. या पत्राचं कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओत बजेटच्या बैठकीला मी हजर होते. मालिकेचं काम मिळालं होतं, आणि आधी वापरात असलेलं भाड्याचं सॉफ्टवेअर सोडून सगळी टीम ब्लेंडरवर न्यायची असं ठरत होतं. हिशेबाच्या तक्त्यात 'सॉफ्टवेअर लायसन्स' अशी एक ओळ होती, दरवर्षी वाढत जाणारी. निर्मात्यांनी त्या ओळीतला आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. कुणीतरी 'फुकट ते पौष्टिक' म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. त्या वाचलेल्या पैशातून दोन माणसं जास्त घेता आली, म्हणून मला आनंदही झाला होता.

काम निम्म्यावर आलं आणि रेंडर होऊन, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र काढून, येणाऱ्या फ्रेममध्ये काळे चौकोन दिसायला लागले. सगळ्या मशीनवर नाही, काहींवरच. एकाच शॉटच्या शंभर फ्रेम नीट आणि पुढच्या आठ फ्रेममध्ये पात्राच्या गालावर काळं ठिगळ. लायटिंगवाल्यांनी दिवे बदलून पाहिले, मी रिग तपासलं, मॉडेल करणाऱ्याने नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागांच्या दिशा, उलटे पडलेत का ते पाहिलं. तीन दिवस असेच गेले. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने एक घन, एक दिवा आणि एक मटेरिअल एवढीच छोटी फाइल बनवून त्यात तोच काळा चौकोन दाखवला आणि ब्लेंडरच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका कळवायच्या जागी, तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. कोणतं ग्राफिक्स कार्ड, ते चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, फॅक्टरी सेटिंगवरही असंच होतं का, असे नेमके प्रश्न. दोन दिवसांनी निदान झालं. चूक ब्लेंडरची नव्हतीच. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची होती, त्याच आठवड्यात काही मशीनवर अपडेट झालेल्या. तरीही त्या डेव्हलपरने ड्रायव्हरच्या चुकीला वळसा घालणारा कोड लिहिला. दुसऱ्या दिवशीच्या डेली बिल्डमध्ये, म्हणजे रोज निघणाऱ्या ताज्या आवृत्तीत, तो आला आणि आमचे चौकोन गेले.

काम वेळेवर पोचलं. पार्टी झाली. त्या डेव्हलपरला आभाराच्या दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटमध्येही त्या ओळीसमोर शून्यच राहिलं.

मी सांगते आहे ती गोष्ट एका स्टुडिओची असली, तरी तुमच्यापैकी बहुतेकांच्या तक्त्यात ते शून्य आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून एकच मागणं आहे : ती ओळ पुसू नका. आकडा लहान करा, हवा तेवढा लहान करा, पण तिथे काहीतरी ठेवा आणि ते दर महिन्याला ब्लेंडर सांभाळणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनच्या डेव्हलपमेंट फंडात जाऊ द्या.

हे सॉफ्टवेअर आलं कुठून ते थोडं सांगते, कारण ही गोष्ट एका स्टुडिओतच सुरू होते. नेदरलँड्समधल्या निओजिओ नावाच्या ॲनिमेशन स्टुडिओत टॉन रोझेंडाल यांनी स्टुडिओच्या आतल्या वापरासाठी हे साधन लिहायला घेतलं. पहिल्या फाइलवरची तारीख २ जानेवारी १९९४ आहे, आणि तोच ब्लेंडरचा वाढदिवस मानतात. पुढे १९९८ मध्ये त्यांनी 'नॉट अ नंबर' ही कंपनी काढली. गुंतवणूकदार आले, वापरणारे लाखांत गेले, पण पैशाचं गणित जमलं नाही. २००२ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी कंपनी बंद केली. ब्लेंडर त्या दिवशी संपलं होतं. कोड गुंतवणूकदारांच्या मालकीचा होता आणि ज्याने तो लिहिला त्यालाही त्याला हात लावता येत नव्हता.

मार्च २००२ मध्ये रोझेंडाल यांनी ब्लेंडर फाउंडेशन स्थापन केलं आणि गुंतवणूकदारांकडून एक किंमत ठरवून घेतली : १ लाख युरो द्या आणि कोड मोकळा करा. १८ जुलैला लोकांपुढे झोळी पसरली गेली. सात आठवड्यांत रक्कम जमा झाली. देणाऱ्यांत विद्यार्थी होते, छंद म्हणून चित्रं करणारे होते, त्या कंपनीत आधी नोकरी केलेले लोकही होते. १३ ऑक्टोबर २००२ ला संपूर्ण सोर्स कोड जीएनयू जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा आणि त्याच अटींवर वाटावा असा, जगासाठी खुला झाला.

म्हणजे ब्लेंडर 'फुकट' कधीच नव्हतं. ते विकत घेतलं गेलं, एकदाच आणि सगळ्यांसाठी, अशा लोकांच्या पैशाने ज्यांच्यापैकी बहुतेकांचा त्यातून काहीच धंदा होणार नव्हता. ज्यांचा धंदा होतो त्या आपण मात्र चोवीस वर्षांनंतरही त्यांच्या पुण्याईवर जगतो आहोत.

तुम्ही म्हणाल, कोड मोकळा झाला, आता तो कुणी हिरावून घेऊ शकत नाही, मग पैसे कशाला? पहिला भाग अगदी खरा आहे. फाउंडेशन डच कायद्यानुसार 'स्टिख्टिंग' आहे. तिला भागधारक नाहीत, नफा वाटून घेणारे मालक नाहीत, विकायला शेअर नाहीत. शिवाय ब्लेंडरमध्ये कोड देणारा प्रत्येक जण आपल्या कोडचा कॉपीराइट स्वतःकडेच ठेवतो, तो फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागत नाही. उद्या कुणाला ब्लेंडर बंद परवान्यात कोंडायचं झालं तर एवढ्या सगळ्या माणसांची संमती लागेल, आणि ती मिळणं जवळपास अशक्य आहे. मला हे कुठल्याही कराराहून मोठं संरक्षण वाटतं. सॉफ्टइमेज या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी उमेदीची वर्षं घातली त्यांना विचारा. २००८ मध्ये ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं झालं, २०१४ मध्ये नव्या मालकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ज्यांची अख्खी पाइपलाइन त्यावर उभी होती त्यांच्या हाती दुसरीकडे जाण्यापलीकडे काही उरलं नाही.

पण कोड कुणी हिरावून घेऊ शकत नाही म्हणजे तो आपोआप जिवंत राहतो असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात, ग्राफिक्स कार्ड बदलतात, ज्या लायब्ररींवर ब्लेंडर उभं आहे त्या बदलतात. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर तो मोकळा कोड मोकळाच राहील, फक्त नव्या मशीनवर चालणार नाही.

ही देखभाल नेमकी कोणती ते बघा. नवं फीचर लिहायला हौशी माणूस मिळतो. त्यात मजा आहे, नाव आहे, डेमोचा व्हिडिओ आहे. पण आलेल्या बग रिपोर्टच्या ढिगाऱ्यातून खरे कोणते, आधीच नोंदवलेले कोणते, ब्लेंडरशी संबंध नसलेले कोणते हे रोज निवडत बसायला कुणाला हौस असते? दुसऱ्याने पाठवलेला कोड ओळीओळीने वाचून 'हे अजून असं दुरुस्त कर' असं चौथ्यांदा शांतपणे सांगायला? तुमच्या आवडीच्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीत दोन वर्षं नवं काही न घालता फक्त दुरुस्त्या नेत राहायला? २०२० पासून ब्लेंडर एलटीएस आवृत्त्या देतं आहे, त्याचा सगळ्यात मोठा फायदा स्टुडिओंना होतो. चालू प्रोजेक्टच्या मधे आपण आवृत्ती बदलत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही कामं मुख्यतः पगारी माणसं करतात, आणि तो पगार डेव्हलपमेंट फंडातून जातो.

म्हणूनच मी 'दर महिन्याला' म्हणते आहे. वर्षाकाठी एकदा मोठी देणगी आली तर आनंदच आहे, पण तिच्या भरवशावर कुणाला नोकरीवर ठेवता येत नाही. लहान पण खात्रीची रक्कम आली तर माणूस ठेवता येतो, आणि मगच तो पाच वर्षं टिकून एका कोपऱ्याचा जाणकार होतो. तुम्ही स्वतः माणसं नेमता. एकरकमी कामावर नेमलेला माणूस आणि कायमचा माणूस यातला फरक तुमच्याइतका कुणाला कळणार?

'मोठ्या कंपन्या देतातच की,' हे मी नेहमी ऐकते. देतात, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. २०१९ मध्ये एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने तीन वर्षांत मिळून १२ लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या क्षेत्रात कितीतरी लोकांनी ब्लेंडरकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, ॲपल यांनीही फंडाला पैसे दिले आहेत. ॲपल ऑक्टोबर २०२१ मध्ये सदस्य झालं आणि मार्च २०२२ च्या ३.१ आवृत्तीत ब्लेंडरचा सायकल्स रेंडरर त्यांच्या मेटल या ग्राफिक्स तंत्रावर चालायला लागला. चिप बनवणाऱ्या कंपनीला आपल्या चिपवर रेंडर वेगाने व्हावं असं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि त्यातून सगळ्यांचं भलंच झालं.

आता माझं काम बघा. हाडांच्या बाबतीत ब्लेंडरमध्ये कितीतरी वर्षं त्यांचे गट करायला फक्त ३२ लेअर होते आणि त्यांना नावं नव्हती. नुसती ठिपक्यांसारखी बटणं. कुठल्या ठिपक्यात डाव्या हाताची बोटं आणि कुठल्यात भुवया हे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवायचे, आणि टीममधला नवा माणूस आला की त्याची झेरॉक्स त्याला द्यायचे. ४.० आवृत्तीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्या जागी बोन कलेक्शन, म्हणजे हाडांचे गट, आली. हवी तेवढी, हव्या त्या नावाची. मी पहिल्यांदा 'डावा हात' असं नाव टाइप केलं त्या दिवशी मॉनिटरवरचा कागद काढून टाकला. मग मार्च २०२५ मध्ये, ४.४ आवृत्तीत, स्लॉटेड ॲक्शन आले आणि एकाच ॲक्शनमध्ये, म्हणजे हालचालीच्या एकाच नोंदीत, अनेक वस्तूंचं ॲनिमेशन ठेवता यायला लागलं. ॲनिमेशनच्या आतल्या पायाची फेरबांधणी अजून चालू आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट आहे.

कुठल्या चिप कंपनीला हाडांच्या नावांची पडली आहे? त्यांचं चूक नाही, तो त्यांचा विषयच नाही. ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचे वक्र नीट हाताळता यावेत, शंभर शॉटमध्ये लिंक केलेलं पात्र एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त व्हावं, चारशे शॉटची मालिका वर्षभर न कोसळता चालावी, ही आपली गरज आहे, आपणा स्टुडिओंची. ज्याची गरज त्याने खांदा लावला नाही, तर ते काम 'पुढच्या आवृत्तीत बघू' या रांगेत राहतं आणि दोष देता येईल असं कुणीही सापडत नाही.

पैशाबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तीन वेगवेगळ्या मालकांनी मला ती विचारली आहे. ब्लेंडरमध्ये बनवलेली फिल्म, पात्र, चित्र हे सर्वस्वी तुमचं. जीपीएल परवाना सॉफ्टवेअरला लागू होतो, तुमच्या कलाकृतीला नाही. स्टुडिओच्या आत वापरायला तुम्ही पायथन या भाषेत ॲडऑन (जोडप्रोग्राम) लिहिले तर तेही जाहीर करायची सक्ती नाही. बाहेर वाटायला किंवा विकायला काढलेत तर मात्र परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. तेव्हा 'आपलं काम उघडं पडेल' ही भीती मनातून काढून टाका.

'ब्लेंडर हा लहान स्टुडिओंचा खेळ आहे, उद्या मोठे झालो की दुसरीकडे जाऊ,' असंही कुणी म्हणतं. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर 'फ्लो'ला मिळालं, गिंट्स झिल्बालोडिस यांच्या लाटव्हियात रुजलेल्या चित्रपटाला. तो ब्लेंडरमध्ये बनला आहे आणि ईव्ही या ब्लेंडरच्याच झटपट रेंडररमध्ये रेंडर झाला आहे, सुमारे ३५ लाख युरोंच्या बजेटमध्ये. मोठ्या स्टुडिओंचा एकेक ॲनिमेशनपट किती खर्चात होतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री मी जागी होते आणि मला रडू आलं, ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

फाउंडेशन आपल्या बाजूने काय देतं तेही एकदा बघा. २००६ पासून ते मोकळ्या परवान्याखाली फिल्म बनवत आलं आहे. हेतू असा की सॉफ्टवेअर प्रत्यक्ष निर्मितीच्या ताणाखाली तपासलं जावं, आणि फिल्मबरोबर तिच्या प्रॉडक्शन फाइलही सगळ्यांच्या हाती पडाव्यात. मी रिगिंग शिकले ते त्यांतल्याच 'सिंटेल' या फिल्मच्या पात्रांच्या फाइल उघडून, एकेक हाड बाजूला करून, हे इथे का आहे असं विचारत. ती फिल्म २०१० ची. तिच्यावरून तयार केलेला डेटासेट पुढे संगणकाला चित्रातली हालचाल ओळखायला शिकवणाऱ्या संशोधनात एक मापदंड झाला. शिकवणाऱ्या संस्थांनो, तुम्ही तुमच्या वर्गात याच फाइल उघडून दाखवता. तुमच्याकडे दर संगणकामागे लायसन्सचा खर्च नाही, आणि विद्यार्थी फी तर देतातच. त्या फीतला एक छोटा वाटा फंडाकडे वळवणं तुम्हाला स्टुडिओंपेक्षाही सोपं आहे.

मागच्या वर्षी मी २०११ सालची, शिकत असतानाची एक फाइल उघडून पाहिली. ब्लेंडरच्या फाइलमध्ये माहितीबरोबरच तिच्या रचनेचा नकाशाही साठवलेला असतो, त्यामुळे नव्या आवृत्तीला जुनी फाइल वाचता येते. मेश (आकाराची जाळी) आली, हाडं आली, कीफ्रेम (हालचालीचे टप्पे) आल्या. जुने लेअर कलेक्शन होऊन आले. रंग मात्र आले नाहीत. ती मटेरिअल ब्लेंडर इंटर्नल या जुन्या रेंडररची होती आणि तो २.८० मध्ये काढून टाकला गेला. पण माझं पहिलं पात्र पुन्हा चालायला लागलं. इतक्या वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडावी यासाठी दर आवृत्तीत कुणीतरी रूपांतराचा कोड लिहिला, तपासला, जपला. त्यातल्या कितीतरी ओळींमागे पगार आहे.

सगळ्यांना पैसे देणं शक्य नसतं हे मी जाणते. क्लायंटचे पैसे सहा महिने अडकलेले असतात आणि पगाराची तारीख काही थांबत नाही. तेव्हा दुसरा मार्ग. तुमच्याकडे कोड लिहिणारं माणूस असेल आणि त्याने तुमच्यासाठी ब्लेंडरमध्ये काही दुरुस्ती केली असेल तर ती स्वतःजवळ दाबून ठेवू नका, मूळ प्रकल्पाकडे पाठवा. नाहीतर दर नव्या आवृत्तीत तेच ठिगळ तुम्हालाच पुन्हा लावावं लागेल. कोड लिहिणारं कुणी नसेल तर निदान बग रिपोर्ट नीट करू द्या. 'क्रॅश होतं' एवढं लिहिणं म्हणजे रिपोर्ट नाही. आवृत्ती लिहावी, पायऱ्या क्रमाने लिहाव्यात, आणि सात जीबीची शॉट फाइल पाठवण्याऐवजी ज्यात चूक दिसते अशी लहानात लहान फाइल बनवावी. याला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस तुमच्या माणसाला द्या, वेळ वाया घालवला म्हणून त्याला बोलू नका. आमच्या त्या धाकट्या मुलाने तो अर्धा दिवस जेवणाच्या सुटीत काढला होता, हे मला फार नंतर कळलं.

हे पत्र आत्ताच लिहायला एक कारण आहे. १ जानेवारी २०२६ पासून टॉन रोझेंडाल फाउंडेशनच्या अध्यक्षपदावरून आणि मुख्य कार्यकारी पदावरून बाजूला झाले आहेत. जबाबदारी फ्रान्चेस्को सिद्दी यांच्याकडे आली आहे. संस्थापक स्वतःहून, धडधाकट असताना, नव्या लोकांच्या हाती काम सोपवून मागे सरतो, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. पण इतकी वर्षं आपल्यापैकी अनेकांनी एका माणसावर सगळं सोडून दिलं होतं : टॉन आहेत ना, ते बघतील. त्यांनी पाहिलं. आता बघायची पाळी आपली आहे.

किती द्यायचं, असं विचाराल. माझा हिशेब सांगते, तुम्ही तुमचा करा. ब्लेंडर नसतं तर जेवढ्या मशीनवर जेवढं भाडं भरावं लागलं असतं त्याचा दहावा भाग. जास्त वाटला तर विसावा. आज मी एका बारा जणांच्या स्टुडिओत काम करते, आणि बजेट ठरवताना आता माझंही मत विचारलं जातं. आमच्या हिशेबनिसांनी पहिल्या महिन्यात विचारलं, हा खर्च दान म्हणून दाखवू का? मी नको म्हटलं. त्यांनी तो 'सॉफ्टवेअर देखभाल' खाली टाकला. तक्त्यात ती सोळावी ओळ आहे, वीजबिल आणि रेंडर फार्मचं भाडं यांच्या मधे.

आपली नम्र,
एक रिगर